घरात तीन डबे, टीव्ही बंद

आमच्या स्लॅबवर डिशची एक छत्री आणि कपाटात सेटटॉप बॉक्स तीन. तिन्ही धडधाकट. लाइट लागते, रिमोट चालतो. अन् तरी नऊ दिवस झाले, घरचा टीव्ही बंद. बाबा संध्याकाळी सवयीनं खाटेवर येऊन बसतात, काळ्या पडद्याकडं पाहतात आणि मला विचारतात, "काहून बे, झालं नाई का तुयं अजून?" जसा काही मीच उपग्रह खाली पाडला.

पहिल्या डब्याचा रिचार्ज बाबांनीच बंद केला. "कपाशीले फवारा मारू का यायले पैसे देऊ?" बरोबरच आहे त्यांचं. म्हटलं ठीक, दूरदर्शनची फ्री डिश आहे ना, २००४ पासून चालू आहे, महिन्याचं भाडं नाही. छत्री आहे, डबा आहे, तोंड तेवढं फिरवायचं. फ्री डिश येते जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. आमच्या गावातून तो आग्नेयेला पडतो. आधी छत्रीचं तोंड जवळजवळ सरळ दक्षिणेला होतं. नट गंजून बसलेला. डिझेल टाकलं, पक्कड घेतली, बोटाची साल काढून घेतली आणि फिरवली एकदाची.

खाली येऊन पाहतो तर डब्याच्या मेनूत दुसरा उपग्रह टाकायची सोयच नाही! फुकटचे चॅनल आभाळातून छत्रीवर पडताहेत, वायरनं घरात येताहेत, आणि हा डबा तोंड फिरवून बसला आहे. त्याला फक्त त्याच्या मालकाचं, म्हणजे कंपनीचंच दिसतं. डबा मात्र पैसे मोजून मी घेतलेला, बरं का.

मग मोठ्या काकांचा डबा आठवला. अमरावतीला मुलाकडं राहायला जाताना देऊन गेले होते, दुसऱ्या कंपनीचा. त्या कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, हे खातं बंद झालंय, हा बॉक्स पुन्हा सुरू होणार नाही, नवीन कनेक्शन घ्यावं लागेल." का नाही होणार? बिघडला का तो? नाही. "सर, तशी पॉलिसी आहे."

तालुक्यातून मेकॅनिक बोलावला. तीनशे रुपये यायचेच. त्यानं वर जाऊन छत्रीला हातही लावला नाही, खालूनच पाहिलं आणि म्हणाला, "छत्रीच बदला लागते भाऊ. त्या कंपनीची छत्री याले नाई चालत."

इथं माझं डोकं सटकलं. अरे, छत्री म्हणजे पत्र्याचं खोलगट ताट! लाटा गोळा करून समोरच्या एलएनबीत, म्हणजे दांडीवरच्या त्या छोट्या डबीत टाकायच्या, इतकंच तिचं काम. तिच्यावर कोणाचं नाव रंगवलं आहे हे आभाळाला कुठं कळतं? साधी युनिव्हर्सल एलएनबी लावा, डब्याच्या सेटिंगमध्ये तिचे ९७५०/१०६०० हे आकडे टाका, झालं. कुलूप लावलं आहे ते डब्याला, त्यातल्या कार्डाला. पण छत्री विकली की कमिशन, म्हणून दोष छत्रीचा.

सरकारदरबारी हे कोणाला माहीत नाही असंही नाही. कंपनी बदलली तरी डबा चालला पाहिजे, ही अट डीटीएचच्या, म्हणजे या छत्रीवाल्या टीव्ही कंपन्यांच्या परवान्यातच घातलेली आहे. २०२० च्या एप्रिलात ट्राय या दूरसंचार नियामकानं पुन्हा तीच शिफारस केली. मला अजून तसा एक डबा दाखवा. मोबाइलची कंपनी २०११ पासून नंबर तोच ठेवून बदलता येते, सिम बदललं म्हणून कोणी हँडसेट फेकून देत नाही. टीव्हीवाल्यांनाच काय सोनं लागलं आहे?

राहिला तिसरा डबा. जुना, फ्री डिशचाच. लावला, आणि चित्र आलं! आई देवघरातून बाहेर आली. पण शेजारी काकूंकडं जे चॅनल दिसतात त्यातले कितीतरी आमच्याकडं नाहीतच. दोनदा सर्च मारला. उपग्रह तोच, पाऊस तोच, भिंतीला भिंत लागून घर. मग डबा उलटा करून, चष्मा लावून, तळाचं स्टिकर वाचलं: एमपेग-२, म्हणजे चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत. काकूंचा एमपेग-४, नवी पद्धत. नवा डबा जुनं वाचतो, जुन्याला नवं वाचता येत नाही. हे दुकानदारानं विकताना सांगायला नको? खोक्यावर 'फ्री टू एअर' बोटभर अक्षरात अन् एमपेग मुंगीएवढं.

तरी म्हटलं चला, बातम्या तर दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वांदरांची टोळी आली. एक हुप्प्या थेट एलएनबीच्या दांडीवर बसला, शेंगा सोलत. मी काठी घेऊन वर जाईपर्यंत त्यानं उडी मारली आणि छत्रीचं तोंड खाली, गोठ्याकडं. नो सिग्नल. त्याच्यावर तरी काय रागावू, त्यानं काही पॉलिसी सांगितली नाही.

आता सोमवारी तालुक्याचा बाजार आहे. तिन्ही डबे पिशवीत भरून ठेवले आहेत. भंगारवाल्यानं घेतले तर ठीक, नाहीतर त्या दुकानदाराच्या काउंटरवर नेऊन आपटतो. आईनं मात्र छत्री विकायची नाही म्हणून बजावलं आहे. कुरोड्या वाळवायला होते म्हणे.