पीस लिलीच्या करपलेल्या पानांबद्दल आमच्याकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की आमच्या नर्सरीतनं ४५० रुपयांना नेलेली पीस लिली दहा दिवसांत करपली, मी 'खिडकीत ठेवा' असं चुकीचं सांगितलं, आम्ही मरायला टेकलेली झाडं विकतो, आणि फोन केला तर नीट बोललो नाही. फोनबद्दल मनापासून माफी मागतो. तेव्हा टेम्पोतनं माती उतरत होती, घाईत तोडून बोललो. तसं बोलायला नको होतं.

पण 'खिडकीत ठेवा' असं मी म्हणालेलो नाही. 'खिडकीजवळ, उजेडात, ऊन नको' हे माझे शब्द. सावलीतलं झाड कुणी नेलं की २२ वर्षं मी हेच बोलतोय. तुम्हाला वाटेल हा शब्दांचा कीस पाडतोय. पण कुंडी ग्रिलमध्ये ठेवली आणि खिडकीपासून दोन-तीन फूट आत ठेवली, तर झाडासाठी त्या दोन वेगळ्या जागा आहेत.

तुम्ही टाकलेला फोटो मी तीन-चारदा बघितला. पानावर ग्रिलची सावली पडलीय, एकेक गज मोजता येईल इतकी ठळक. म्हणजे ऊन थेट पानावर होतं. माझ्या वडिलांची एक साधी पद्धत होती. कुंडी ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवायचा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरायचा. बोटं स्पष्ट उमटली तर ते ऊन. सावली पुसट, कडा विरलेल्या असतील तर तो उजेड, आणि पीस लिलीला तोच लागतो. सावली दिसलीच नाही, तर तिथं झाड तग धरेल पण फुलं येणार नाहीत, आणि पाणी जरा जास्त झालं की मुळं कुजतील.

तुम्ही असंही लिहिलंय, की याच खिडकीत डिसेंबरात मनी प्लांट छान होता, मग हेच झाड कसं जळालं. ताई, खिडकी तीच असली तरी ऊन तेच नसतं. आपण कोल्हापूरची माणसं, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, याच दिवसांत का होतो? सूर्य मावळायची जागा वर्षभर सरकत राहते, म्हणून. हिवाळ्यात तो नैऋत्येकडं कलून मावळतो, एप्रिलात पश्चिमेच्याही उत्तरेला जातो. दुपारी तर एप्रिलअखेर जवळजवळ डोक्यावर असतो आणि संध्याकाळी पावणेसातपर्यंत हटत नाही. तुमची खिडकी पश्चिमेची. दुपारी दोनपासनं ग्रिल, फरशी, कुंडी सगळं तापतं. मनी प्लांट हे चिवट झाड, आणि डिसेंबरचं ऊन कोवळं. पीस लिली मुळात दाट झाडीखाली वाढणारी. आमच्याकडं ती हिरव्या जाळीखालीच असते. तिथनं उचलून थेट त्या उन्हात गेल्यावर पानं आधी पांढुरकी पडतात, मग तपकिरी. रोज पाणी घालूनही तो डाग भरून येत नाही. तुमच्या फोटोत नेमकं तेच आहे. उन्हाकडच्या बाजूची पानं गेलीत, मागची हिरवीगार आहेत. झाड आधीच मेलेलं असतं, तर मागची पानं हिरवी कशी राहिली असती?

हेच मला लागलंय, ताई. काल एका गिऱ्हाइकानं कुंडी हातात घेऊन विचारलं, 'हे मरायला टेकलेलं तर नाही ना?' मला काही बोलताच आलं नाही. कुठलंही झाड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी माझी बायको प्रत्येक पान पालथं करून बघते. वळवाचा पाऊस आला की रात्री अकराला उठून आम्ही दोघं कुंड्या आत घेतो. या धंद्यावरच घर चालतं. झाड जळालं म्हणा, महाग वाटलं म्हणा, मेलेलं विकलं असं म्हणू नका.

एक मात्र कबूल करतो. तुमची खिडकी कुठल्या दिशेची, हे मी विचारायला पाहिजे होतं. रविवार होता, गर्दी होती, विचारलं नाही. इथनं पुढं विचारत जाऊ. कुंडीबरोबर उजेडाची चिठ्ठी पण द्यायचा विचार आहे, बघू, पावसाळ्याच्या आत करतोच.

झाड टाकून देऊ नका. पूर्ण करपलेली पानं बुडातनं कापा, अर्धी हिरवी असतील ती राहू द्या, कुंडी हॉलमध्ये आत घ्या, आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. मधनं नवीन कोंब येईल. नाहीतर आमच्याकडं आणून ठेवा, जाळीखाली महिनाभर सांभाळतो, पैसे नकोत. फक्त आणताना दुपारी गाडीवर उघडं आणू नका, सहानंतर या.