परदेशी वकील तुमच्या धुऱ्यावर येणार नाहीत

मागच्या आठवड्यात एकच मेसेज माझ्या फोनवर चार ग्रुपवरून आला. शेतकरी गट, पतसंस्था, दहावीची बॅच आणि चौथा आमच्या वकील मंडळींचा. चौथ्याचं जास्त वाईट वाटलं. मजकूर थोडक्यात असा: परदेशी वकील कंपन्यांना भारत मोकळा झाला, एकेकीत हजारो वकील, त्यांच्या कामाच्या यादीत ‘रिअल इस्टेट’पासून ‘डिस्प्यूट’पर्यंत सगळं आहे, आता ते आपल्या कोर्टात उभे राहणार, सातबाऱ्याची भांडणं इंग्रजीत चालणार, तालुक्याचे वकील घरी बसणार आणि गरिबाला वकील परवडणारच नाही. खाली नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात एक अशील फोन पुढे करून म्हणाला, “वकीलसाहेब, माह्या धुऱ्याची केस आता गोऱ्या वकिलाकडं जाते म्हन्ते, खरं हाय काय?” त्याच्या आवाजात भीती होती की आशा, मला अजून कळलेलं नाही. त्याची धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस सहा वर्षं चालू आहे. मी हिंगणघाट भागात दिवाणी आणि महसुली कामं करतो, म्हणून माझ्या कुवतीप्रमाणे उत्तर देतो.

आधी कोर्टात उभं राहण्याचं. वकील कायदा 1961 सालचा. त्यानुसार राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवलेल्या वकिलालाच भारतात वकिली करता येते. नव्वदच्या दशकात काही परदेशी फर्मनी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने इथे संपर्क कार्यालयं थाटली होती. 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. कोर्टात न जाता नुसता सल्ला देणं, कागद तयार करणं हीही वकिलीच, असं न्यायालय म्हणालं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. अशिलाला परदेशी कायद्यावर सल्ला द्यायला अधूनमधून येऊन जाण्याची मुभा तेवढी दिली. मग मार्च 2023 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम काढले, मे 2025 मध्ये ते सुधारले. मेसेजमधलं ‘भारत मोकळा’ ते हेच. त्या नियमांत परदेशी वकिलाला मुभा आहे ती त्याच्या देशाच्या कायद्यावर आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावर सल्ला देण्याची आणि आंतरराष्ट्रीय लवादात, म्हणजे कोर्टाबाहेर पंचांपुढे, काम करण्याची. तीही त्याचा देश आपल्या वकिलांना तशीच मुभा देत असेल तर. कोर्ट, न्यायाधिकरण, वैधानिक प्राधिकरण यांच्यासमोर उभं राहायला सरळ मनाई आहे. तहसीलदारापुढे रस्त्याच्या अर्जावर लंडनचा माणूस युक्तिवाद करतोय हे चित्र डोळ्यांपुढे आणायला मजा येते, पण ते घडणार नाही. इंग्लंडातही अशा फर्ममधले बहुतेक जण सॉलिसिटर, म्हणजे सल्ला आणि कागदपत्रं पाहणारे वकील, असतात. मोठ्या कोर्टात प्रत्यक्ष बाजू मांडायची तर बहुधा वेगळा बॅरिस्टर लावतात.

‘रिअल इस्टेट’ या शब्दाने सगळ्यात जास्त घोळ घातला आहे. यादीत तो शब्द आहे, खरं आहे. पण त्या खात्याचं काम म्हणजे एखाद्या गुंतवणूक फंडाने गोदामांची रांग विकत घेणं, ऑफिसच्या टॉवरचे भाडेकरार, मॉल गहाण ठेवून काढलेलं कर्ज. आणि भारतापुरतं बोलायचं तर वरच्याच नियमांत लिहिलंय की मालमत्तेचे हस्तांतरण दस्त करणं आणि मालकी हक्काचा शोध घेणं ही कामं परदेशी वकिलाने करायची नाहीत. म्हणजे खरेदीखत, फेरफार, सर्च रिपोर्ट या सगळ्यांतून तो मुळातच बाद.

तिसरा मुद्दा मला जरा सविस्तर खोडायचा आहे, कारण त्यात आमच्या धंद्याबद्दलचा गैरसमज आहे: मोठ्या कंपनीच्या वकिलाला सगळं येतं. उलट आहे, बाप्पा. सगळं करावं लागतं ते तालुक्याच्या वकिलाला. सकाळी जामीन, दुपारी वाटणीचा दावा, चार वाजता एसडीओकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, संध्याकाळी कुणाच्या तरी सुनेचं पोटगीचं प्रकरण. मोठ्या फर्मची घडणच वेगळी. तिथे खाती असतात: कॉर्पोरेट, बँकिंग आणि फायनान्स, कॅपिटल मार्केट, कॉम्पिटिशन, टॅक्स, प्रोजेक्ट आणि एनर्जी, इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी, एम्प्लॉयमेंट, दिवाळखोरी, आणि शेवटी डिस्प्यूट म्हणजे खटले आणि लवाद. इंग्लंडात शिकाऊ वकील साधारण सहा-सहा महिने असा चार खात्यांत फिरतो आणि मग एकाच खात्यात आयुष्य काढतो. एखादा माणूस वीस वर्षं फक्त बँकांच्या कर्जाचे करार लिहितो. त्याला जामीन अर्ज कसा करतात हे विचारू नये. घटस्फोट, मारामारी, चोरी हे तिथे सहसा घेतच नाहीत. फौजदारीतलं घेतलं तर कंपनीच्या आर्थिक घोटाळ्याची किंवा लाचखोरीची चौकशी. अशील म्हणजे बँक, तेल कंपनी, विमा कंपनी, कधी एखादं सरकार. वेळेचा हिशेब सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहून बिल निघतं. आमच्याकडे सहा मिनिटांत अशिलाचं “कसं काय साहेब, पाऊसपाणी” इतकंच होतं.

गरिबाला वकील परवडणार नाही, याला एवढंच उत्तर: महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, अशांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, कोर्टाच्याच इमारतीत. फोन 15100. तो मेसेज शेअर करण्याऐवजी हा नंबर शेअर केला असता तर निदान कुणाच्या कामी आला असता.

इथवर लिहून ग्रुपवर टाकलं, तर एका निवृत्त प्राध्यापक मित्राचं उत्तर आलं: “म्हणजे यांचा आणि खेड्याचा काही संबंध नाही, उगाच चर्चा.” हे वाक्य मूळ मेसेजपेक्षा जास्त चुकीचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका जिनिंगवाल्याने, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखानदाराने, मला त्याच्या कार्यालयात बोलावलं. बाहेर सरकीचा ढीग, आत एसी, आणि टेबलावर गाठींच्या निर्यातीचा करार. भाषा इंग्रजी. त्याने खाली एका ओळीवर बोट ठेवलं: वाद झाल्यास लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनचे नियम आणि इंग्लंडचा कायदा. “हे काहून टाकलं? माल तर बांगलादेशात चाललाय ना?” मी खरं सांगितलं की हे माझ्या अभ्यासाबाहेरचं आहे, आणि घरी येऊन वाचत बसलो.

ही संस्था 1841 ची, कापसाच्या दलालांनी काढलेली. त्या काळी लिव्हरपूलच्या बाजारात आपला माल ‘हिंगणघाट’ आणि अमरावतीवरून पडलेल्या ‘ऊमरा’ या नावांनी विकला जायचा. आजही जगातल्या कापसाचे बहुतांश आंतरराष्ट्रीय सौदे तिच्याच नियमांवर होतात. पंच कापूस व्यापारातलेच. धाग्याची लांबी, कचरा, मायक्रोनेअर (धाग्याची जाडी) यावरचा वाद वेगळा चालतो, माल पाठवला नाही, पैसे दिले नाहीत हा वेगळा. आणि एक नियम आपल्या माणसाला हमखास चकवतो: सौदा पुरा झाला नाही म्हणून तो रद्द होत नाही. करारातला भाव आणि सौदा मोडला त्या दिवसाचा बाजारभाव यांतला फरक काढून हिशेब चुकता करावा लागतो. मार्च 2011 मध्ये कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आणि काही महिन्यांत निम्म्यावर आला, तेव्हा जगभर सौदे मोडले आणि लिव्हरपूलला दाव्यांची रीघ लागली. मार्च 2012 मध्ये आपल्या सरकारने कापसाची निर्यात एकाएकी थांबवली, तेव्हा ज्यांनी आधीच सौदे करून ठेवले होते त्यांची झोप उडाली असणार.

मोठ्या फर्मचं कमॉडिटी (कच्च्या मालाचा व्यापार) आणि लवादाचं खातं म्हणजे हे. निवाडा विरोधात गेला तर कोर्टातली लढाई लंडनच्या हायकोर्टात, आणि वसुली मात्र इथे: 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे आणि आपल्या 1996 च्या लवाद कायद्यामुळे तो परदेशी निवाडा इथल्या उच्च न्यायालयामार्फत अमलात आणता येतो. तिथे उभा राहणारा वकील आपलाच. जिनिंगवाला बुडाला तर पुढच्या हंगामात तो कापूस घेताना हात आखडतो, आणि वावरातल्या माणसाला कळतसुद्धा नाही की भाव कुठल्या कागदाने पाडला.

बियाण्याचंही तसंच. आपल्या वावरातल्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बीटीचं पाकीट आठवा. त्यातल्या जनुकाच्या तंत्रज्ञानाची फी किती, यावर 2015 पासून अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचा गट आणि आपल्याकडची बियाणं कंपनी नुझिवीडू यांच्यात भांडण पेटलं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंटच रद्द ठरवलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण पुन्हा एकल न्यायाधीशांकडे पाठवलं. हे इंटलेक्च्युअल प्रॉपर्टीचं खातं. त्याच काळात जर्मनीच्या बायर कंपनीने मोन्सॅन्टो विकत घेतली. 2018 मध्ये तो सौदा पुरा झाला, पण त्याआधी अमेरिका, युरोप, भारत अशा कितीतरी ठिकाणच्या स्पर्धा नियामकांची परवानगी काढावी लागली, आणि आपल्याकडे ती अटींसह मिळाली. हे कॉम्पिटिशन खातं. आपल्याकडच्या त्या नियामकालाही सीसीआयच म्हणतात. कापूस घेणारी सीसीआय वेगळी, ही कॉम्पिटिशन कमिशन. हिचा ग्रेडर काट्यावर येत नाही, पण बियाण्याच्या दुकानात किती कंपन्या उरतील हे तिच्या फायलीत ठरतं.

आणि 2017 चं यवतमाळ. कीटकनाशकाच्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. सप्टेंबर 2020 मध्ये त्यांतल्या दोघांच्या विधवांनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने स्वित्झर्लंडमधल्या बासेलला सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. खरं-खोटं ठरवणं तिथल्या कोर्टाचं काम. मला त्यातली एवढीच गोष्ट प्राध्यापकसाहेबांना दाखवायची होती की यवतमाळच्या बाईला स्वित्झर्लंडचा वकील लागला. अशा दाव्यात कंपनीची बाजू सांभाळणं हे मोठ्या फर्मच्या डिस्प्यूट खात्याचं नेहमीचं काम, आणि समोरच्या बाजूला बहुधा छोटे वकील आणि संस्था असतात.

प्राध्यापकसाहेबांनी यावर अंगठा पाठवला. पटलं की वाचलं नाही, देव जाणे.

जिनिंगवाल्याला मी एवढंच म्हणालो की हा कागद तालुक्याच्या वकिलाला दाखवून सही करण्यातला नाही. मुंबईला हेच काम करणारे आहेत, त्यांची फी आत्ता जड वाटेल. त्याने माझी फी विचारली. मी म्हणालो, मला यातलं येत नाही याची फी घेत नसतो. चहा घेतला.

धुऱ्यावाल्या अशिलालाही सांगितलं: गोरा वकील येत नाही, केस माझ्याकडेच राहील, आणि ती अडली आहे ती मोजणीच्या ‘क’ प्रतीसाठी, म्हणजे मोजणीच्या नकाशासाठी. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मंग ते मोजणीवालं कोनता गोरा पाह्यते?”