फोन बंद ठेवा म्हणे!

"क्रूझवर गेल्यावर फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा असतो, एवढेही तुम्हाला ठाऊक नव्हते का?" हा प्रश्न मला जावयांनी विचारला, मोबाईल कंपनीच्या तक्रार केंद्रातल्या मुलीने विचारला आणि परवा गुहागरच्या बाजारात, धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाण्यापलीकडे ज्यांनी समुद्रप्रवास केलेला नाही अशा एका सद्गृहस्थांनीही विचारला. ठाऊक होते. चांगलेच ठाऊक होते. माझा संताप निराळ्याच गोष्टीवर आहे. बँकेपासून बोटीवरच्या जेवणाच्या टेबलापर्यंत प्रत्येकाने माझ्याकडे चालू फोन मागायचा, मी तो चालू ठेवला की त्याचे बिल माझ्या माथी मारायचे आणि वर "बंद का नाही ठेवलात?" असे शहाणपणही मलाच शिकवायचे, हा कुठला न्याय?

आंब्याचा हंगाम उरकून आम्ही दोघे मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो. तिने मायामीहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटे आधीच काढून ठेवली होती. जमैका, ग्रँड केमन आणि मेक्सिकोचे कोझुमेल बेट असा तो फेरा होता. बोट उत्तम होती, जेवण नको इतके होते आणि समुद्राचे म्हणाल तर जन्म समुद्रकाठी गेलेल्या माणसाला जेवढे अप्रूप वाटावे तेवढे वाटले. त्यांपैकी कशाबद्दलही तक्रार नाही. तक्रार आहे ती खिशातल्या त्या यंत्राबद्दल, आणि त्याहूनही अधिक त्याच्या मागे बसून मीटर फिरवणाऱ्यांबद्दल.

निघण्यापूर्वी मी कंपनीच्या दुकानात जाऊन परदेशी रोमिंगचा पॅक घेतला होता. काउंटरवरच्या मुलाला स्पष्ट विचारले की अमेरिकेबरोबर कॅरिबियन बेटेही यात येतात का. त्याने संगणकाकडे न पाहताच "काका, सगळं कव्हर आहे, बिनधास्त जा" असे सांगितले. त्याचे बोलणे तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते, हे मला बिल आल्यावर कळले. जमैका यादीत होते, केमन होते, मेक्सिकोही होते. यादीत बोट नव्हती, कारण बोट हा देश नाही! मोठ्या क्रूझ जहाजांवर स्वतःचे मोबाईल नेटवर्क असते. मजल्यामजल्यावर छोटे अँटेना बसवलेले असतात आणि तिथून तुमचा आवाज उपग्रहामार्गे जमिनीवर जातो. किनाऱ्यापासून साधारण १२ सागरी मैल, म्हणजे बावीसेक किलोमीटर, बाहेर पडले की सामान्यतः हे नेटवर्क सुरू होते, बंदराजवळ आले की बंद होते, आणि त्याचा दर कुठल्याही देशाच्या पॅकमध्ये धरलेला नसतो. तो वेगळा पॅक. त्याची जाहिरात त्या दुकानात कुठेही लावलेली नव्हती.

यातली खरी लबाडी अशी की फोनला हे सगळे समजते आणि फोनच्या मालकाला समजत नाही. बोट बंदरातून निघते, किनाऱ्यावरचा टॉवर काही काळ साथ देतो, मग रेंजच्या रेघा एकेक करून कमी होतात आणि थोड्याच वेळात पुन्हा भरून येतात. माणसाला वाटते, चला, अजून बेटाची रेंज आहे. प्रत्यक्षात फोनने परस्पर दुसरा घरोबा केलेला असतो. पडद्याच्या कोपऱ्यातल्या रेघा जमैकाच्या टॉवरच्या असोत की डोक्यावरच्या मजल्यावरच्या अँटेनाच्या असोत, दिसायला त्या सारख्याच दिसतात. स्वागताचा आणि दर सांगणारा संदेश येतो खरा, पण तो फोन जोडला गेल्यानंतर येतो. एसटीच्या कंडक्टरने गाडी चिपळूणला पोहोचल्यावर गुहागरपासूनचे भाडे सांगायचे ठरवले, तर आमच्याकडचे लोक त्याला स्टँडवरच घेरतील. इथे मात्र हा रिवाज जगभर बिनबोभाट चालतो.

आता त्या एअरप्लेन मोडकडे येतो, कारण सगळे शहाणे तिथेच अडून बसतात. मायामी सोडल्यावर मी तो लावलाच होता. मुलीने बोटीवरचे इंटरनेट विकत घेतले होते. ते माणशी नव्हे, उपकरणामागे विकतात, आणि दर दिवसाला वीस-पंचवीस डॉलरच्या घरात असतो. २०२२ पासून मोठ्या क्रूझ कंपन्यांनी ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या जुन्या उपग्रहांच्या जोडीला साडेपाचशे किलोमीटरवर फिरणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांची सेवा घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे वेग पुष्कळ सुधारला आहे, हे मान्य करतो. दर उतरल्याचे मात्र मला काही दिसले नाही. असो. त्या इंटरनेटवर मी बँकेचे संकेतस्थळ उघडले. पावसाच्या सुरुवातीला कलमांना खते घालायची असतात, गडी कामाला लागले होते आणि त्यांची मजुरी पाठवायची होती. सगळी माहिती भरली, बटण दाबले आणि पडद्यावर मजकूर आला की आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.

कुठे पाठवला? एअरप्लेन मोडवर असलेल्या फोनमधल्या भारतीय सिमवर! वायफायवरून व्हॉट्सॲप येते, सुप्रभातची फुले येतात, गावातल्या पहिल्या पावसाचे व्हिडिओ येतात, पण ओटीपीचा तो क्षुल्लक संदेश मोबाईल नेटवर्कवरूनच यायचा. नेटवर्क हवे तर एअरप्लेन मोड काढा, आणि मोड काढला की फोन बोटीच्या अँटेनाला चिकटणार. जमैकाच्या फालमाउथ बंदरात उतरून मी फोन चालू केला, तेव्हा बोटीवर असताना मागवलेले सगळे ओटीपी एकदम खणखणत आले. प्रत्येकाखाली लिहिले होते की हा क्रमांक काही मिनिटेच वैध आहे. धक्क्यावर, भर उन्हात, आमच्या सौ. एका टोपी विकणाऱ्याशी भावाची घासाघीस करत असताना, मी ते मेलेले आकडे वाचत उभा होतो. तिथूनच नवा ओटीपी मागवून मजुरी पाठवली आणि त्यानंतर फोन चालू ठेवला. ज्याची बँक, ज्याचे घर आणि ज्याचे गडी त्या एका नंबरवर अवलंबून आहेत, त्याने दुसरे काय करायला हवे होते, ते मला त्या बाजारातल्या सद्गृहस्थांनी सांगावे.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे सकाळी आठला, केबिनमध्ये फोन वाजला. भारतातला नंबर, रेंज भरपूर. पावसाचे दिवस, घर बंद. मनात नाही नाही ते आले म्हणून घाईने उचलला, तर पलीकडून एक गोड आवाज मला पूर्वमंजूर वैयक्तिक कर्ज देऊ करत होता. कॅरिबियन समुद्राच्या मध्यावर, उपग्रहाच्या भाड्याने, दर मिनिटाला पैसे मोजून मी कर्ज नको असल्याचे त्या बाईंना पटवून देत होतो. त्यानंतर गड्याचा फोन आला की फणसाची फांदी विजेच्या तारेवर पडली आहे आणि वायरमन येत नाही. तो फोन मी पुन्हा आला तरी पुन्हा उचलेन. पण या दोन फोनांचा आणि पुढच्या एकदोन रात्रींचा मिळून जो आकडा बिलावर उमटला, त्यात माझे वर्षभराचे बिल सहज भागले असते.

भोजनगृहात वेंगुर्ल्याचा एक मुलगा वाढायला होता. आमचे मराठी कानावर पडल्यावर तो आपणहून जवळ आला. "काका, तुमी खंयचे?" अशी सुरुवात झाली आणि माझ्या हातातला फोन पाहून त्याने आवाज उतरवून सांगितले, "बोटीर फोन चालू ठेवल्यात तर बिल बघून चक्कर येतली. आमी बंदरार उतारलंव काय पयलो वायफाय सोधतंव." दुसऱ्या दिवशी ग्रँड केमनला ते डोळ्यांनी पाहिले. तिथे मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत, छोट्या होड्यांतून जॉर्ज टाउनला उतरवतात. उतरल्यावर पाहतो तो एका खानावळीच्या भिंतीला टेकून वेगवेगळ्या देशांची वीस-पंचवीस मुले उन्हात ओळीने बसलेली, आणि प्रत्येकाच्या हातात कुणाची तरी आई, कुणाचे तरी तान्हे मूल. ज्यांच्या श्रमावर ते तरंगते शहर चालते, त्यांना घरी बोलण्यासाठी बंदरातल्या भिंतीचा आधार घ्यावा लागतो. कोकणात बोटीवर मुलगा असलेली घरे गावोगाव आहेत. त्या घरांतल्या मायबापांनी मुलाचा फोन चार दिवस का आला नाही म्हणून देव पाण्यात ठेवलेले मी पाहिले आहेत.

वेळेचा घोळ तर सांगायलाच नको, पण सांगतो. उन्हाळ्यात मायामीची घड्याळे तासाने पुढे असतात. जमैका आणि केमनमध्ये घड्याळ पुढेमागे करण्याची पद्धत नाही, आणि कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात आहे तिथेही २०१५ पासून वर्षभर एकच वेळ असते. आमची बोट मायामीचीच वेळ पाळत होती. बेटावर पाऊल ठेवले की फोन तिथल्या टॉवरचे ऐकून आपणहून एक तास मागे जायचा. फोनमध्ये साडेतीन, बोटीवर साडेचार, आणि बोट कुणासाठी थांबत नाही! कोझुमेलच्या धक्क्यावर एक जोडपे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत धावताना पाहिले. वरच्या मजल्यांवरून लोक त्यांना टाळ्या वाजवून प्रोत्साहन देत होते, जणू काही शर्यतच लागली आहे. माझ्या मनगटावर जुने एचएमटी होते म्हणून आम्ही वाचलो. त्याला कुणी परस्पर काही सांगू शकत नाही.

"मग फोन केबिनमध्ये ठेवून द्यायचा होता," असेही एकाने सुनावले. द्यायचा होता ना! पण बोटीवर चढण्याचा पास फोनमध्ये, जेवणाची वेळ फोनमध्ये, उपाहारगृहाची यादी चौकोनी ठिपक्यांच्या चित्रात, आणि जीव वाचवण्याच्या कवायतीची चित्रफीतसुद्धा फोनवरच पाहायची. बुडताना काय करावे हेसुद्धा बॅटरी शिल्लक असेल तरच कळणार, अशी एकूण व्यवस्था.

हे सगळे अपरिहार्य आहे, उपग्रह महाग असतात, असे मला तक्रार केंद्रातून ऐकवण्यात आले. उपग्रह महाग असतील. पण न विचारता जोडणे अपरिहार्य नाही. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांतले रोमिंगचे जादा आकार काढून टाकले. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही बेटे त्याच कॅरिबियन समुद्रात असूनही फ्रान्सचा भाग असल्यामुळे पॅरिसकराचा फोन तिथे घरच्याच दराने चालतो. बोटींवरची आणि विमानांतली नेटवर्के या सवलतीत येत नाहीत. पण त्यांच्यासाठीही २०२२ च्या नियमांनी मर्यादा घातली: ५० युरो किंवा आधी ठरवलेली दुसरी रक्कम झाली की सेवा थांबवायची. म्हणजे यंत्राला थांबता येते. कुणीतरी थांब म्हणायला हवे, एवढेच. माझी मागणी तर त्याहूनही साधी आहे. बोटीचे नेटवर्क प्रत्येक सिमवर मुळातच बंद असावे आणि ग्राहकाने मागितले तरच सुरू व्हावे. बँकांनीही परदेशी गेलेल्या माणसाला ओटीपी वायफायवरून मिळेल अशी काही तजवीज करावी.

गावी परत आल्यावर मी लेखी तक्रार केली. उत्तरादाखल दोन ओळींचा संदेश आला की आकारणी नियमानुसार असून तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आता अपील करायचे आहे. ते ऐकणारे अपील प्राधिकरणही त्याच कंपनीचे असते, ही आणखी एक मौज. शिवाय पावसात आमच्या वाडीतला टॉवर वीज गेली की मान टाकतो, त्यामुळे कंपनीशी बोलायला मला छत्री घेऊन वरच्या सड्यावर जावे लागते. रेंज नसण्याचे मात्र अजून तरी बिल येत नाही.

पुढच्या वर्षी मुलगी अलास्काच्या क्रूझचे घाटते आहे. त्यावर जावयांनी उपाय सुचवला आहे की भारतीय सिम गावातच शेजाऱ्यांच्या एखाद्या जुन्या फोनमध्ये घालून ठेवायचे, आणि बँकेचा ओटीपी आला की शेजाऱ्यांनी तो व्हॉट्सॲपवरून मला वाचून दाखवायचा. परदेशी जाणारे आमच्याकडचे निम्मे लोक हेच करतात म्हणे. "हा क्रमांक कोणालाही सांगू नका" ही बँकेची ताकीद त्याच संदेशात असते, तीही आता शेजारीच मला वाचून दाखवतील.