"रोज दारू पिता का?" – नाही

आम्हा आशांच्या सीबॅक फॉर्मवर, म्हणजे घरोघरी जाऊन शुगर, बीपी, कॅन्सर अशा आजारांचा धोका पाहायच्या फॉर्मवर, एक प्रश्न असतो : रोज दारू पिता का? हो म्हटलं तर एक गुण, नाही तर शून्य. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला विचारायचा. खरं सांगते, पहिली काही वर्षं बायांना मी तो विचारलाच नाही. पुरुषाला खर्रा, बिडी, दारू सगळं विचारायची. समोर बाई असली की स्वतःच "नाही"वर खूण करून पुढचा प्रश्न. सासूसमोर सुनेला कसं विचारणार?

आणि आमचा गोंदिया जिल्हा तर धानाचा आणि मोहाचा. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत संध्याकाळी कोणत्या घरी काय होते, हे मला ठाऊक नाही असं थोडीच आहे.

मागच्या रोवणीत धुऱ्यावर एका मामीजवळ बसून सहज विषय काढला. ती हसली. "रोज कोन पेते वं? रोवन्यात पेतो. दिवसभर चिखलात वाकून कंबर तुटते, रातच्याला एक गिलास घेतला का झोप लागते." म्हणजे फॉर्मच्या हिशेबानं मामी शून्य गुणांची.

देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पिणाऱ्या बाया शंभरात जेमतेम एक, पुरुष १९. बायांचं "नाही" कसं भरलं जाते, ते मी आमच्या फॉर्मवर स्वतः भरून पाहिलं आहे.

दारूनं लिव्हर जाते, घर जाते, हे गावात सगळे सांगतात. छातीच्या, म्हणजे स्तनाच्या, कॅन्सरचं कोणी बोलत नाही. दारूला कॅन्सर करणारी वस्तू म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९८८ सालीच ठरवलं, पुढं त्यात बायांच्या स्तनाचा कॅन्सरही आला. दारू पोटात गेली की तिचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन होते, ते पेशींमधल्या डीएनएला इजा करते. वरून अंगातलं इस्ट्रोजेन हे बायांचं हार्मोनही वाढते. रोजच्या दहा ग्रॅम अल्कोहोलमागं, म्हणजे दुकानातल्या इंग्लिश दारूच्या तीस मिलीमागं, धोका सात ते दहा टक्के चढतो. घाबरू नका, शंभरातल्या सात जणींना होतो असा याचा अर्थ नाही. समजा हजारात तीस जणींना होणार असेल, तर बत्तीस-तेहतीस जणींना होईल. पण गिलास मोठा झाला की हिशेबही वाढतो.

"आमची मोहाची आहे, झाडाची, केमिकलची नाही," हे तर नेहमीचंच. बाई, नशा ज्याची चढते तेच कॅन्सरचं कारण आहे, मग ते मोहाच्या फुलातून येवो की बाटलीतून. उलट घरच्या मोहाची किती कडक, हे गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही.

एका गोष्टीची मला भीती वाटते. उद्या गाठ निघाली की लोक म्हणतील, "पेत होती ना!" आपल्याकडं ज्या बायांना हा कॅन्सर होतो त्यातल्या बहुतेकींनी दारूला हातही लावलेला नसतो. दोष द्यायला हे लिहीत नाही. नवऱ्यानं पिलेली "थकवा" आणि बायकोनं पिलेली "लाज", या हिशेबामुळंच ती लपवते आणि आम्ही विचारत नाही.

आता मी "रोज" हा शब्दच काढून टाकला. एकटी सापडली की विचारते, "रोवणीत किती लागते?" मग लगेच दुसरं : छातीत गाठ, आकारात फरक, बोंडातून रक्त? गाठ दुखत नाही म्हणून बाया थांबतात, तेव्हा दुखत नसली तरी दाखव म्हणते.

मामीनं मात्र मला उलट विचारलं, "मंग कंबरेचं काय करू?" शेकायचं सांगितलं, उपकेंद्रात ये म्हटलं. ती पुन्हा हसली. बाकी गावांतल्या आशाताईंनो, तुम्ही काय सांगता?