सखू खुडूक बसली

आठवडी बाजारातून चार गावठी कोंबड्या आणल्या तेव्हा माझा हिशेब साधा होता. परसात फिरतील, किडे-वाळवी टिपतील, सकाळी ताजं अंडं देतील. कोंबडा मुद्दामच आणला नाही. अंड्यांना त्याची गरज नसते आणि पहाटे चारला सगळ्या आळीच्या शिव्या खायची मला हौस नव्हती. मग लेकीने त्यांना नावं दिली आणि तिथेच रश्शाचा विषय संपला. गटारीला मोठ्या आशेने आलेले मेव्हणे भरीत खाऊन परत गेले.

सुख मात्र खरंच आहे. दुपारी चौघी आंब्याखाली मातीत लोळतात, तंगडी पसरून, डोळा मिटून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मेल्याच म्हणून मी अनवाणी धावलो होतो. अंडं घातल्यावरचा गलका तर असा, की घर पेटलंय वाटावं. एवढ्याशा कामाची एवढी दवंडी! मी तीस वर्षं नोकरी केली, मला हे जमलं नाही.

मग एके दिवशी सखू खुराड्यात बसली ती उठेचना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खुडूक झालीय हो, उबवायला बसलीय. आता अंडी विसरा." कोंबडा नसताना कसली पिल्लं, हे मी सखूला शांतपणे समजावलं. तिने पिसं फुलवून मनगटावर चोच हाणली. खालची अंडी काढली, तर लेकीच्या टेबलटेनिसच्या चेंडूवर बसली. काकूंनी सांगितलं म्हणून गार पाण्यात बुचकळली. भिजलो मी, ती निथळत परत चेंडूवर.

शेवटी हात टेकले. काकूंकडे कोंबडा आहे, त्यांच्याकडून सात अंडी आणून तिच्याखाली सरकवली. 21 दिवसांचा मामला. दिवसातून एकदा उठते, कणी खाते, पाणी पिते आणि जी घाण करते तिचं वर्णन जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी टाळतो. बाकी तिघींची पिसं झडायला लागलीत, म्हणजे त्यांचीही अंडी बंद. वाण्याकडून डझनभर आणतो. वाटेत खुराडं लागतं, तिथून पिशवी शर्टाआड धरून जातो.

काकूंच्या दोन अटी होत्या: निम्मी पिल्लं त्यांची, आणि पिल्लांना नावं द्यायची नाहीत. काल टॉर्च घेऊन खुराड्यात वाकलो. सातही अंड्यांवर लेकीने पेन्सिलीने नावं लिहून ठेवलीत.