जड पाणी जपण्याची रीत

सोलापुरात पाणी रोज आलं असतं तर माणसाला त्याची किंमत राहिली नसती, म्हणून ते चार-पाच दिवसांआड येतं. उजनी धरण प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या वर की खाली, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. आलेल्या पाण्याचं घरात काय करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. खालची रीत पाळा, काही अडचण येणार नाही. आलीच तर ती पाण्याची चूक, तुमची नव्हे.

सुरुवात मोटरपासून. शेजारच्या मोटरचा आवाज आला म्हणजे पाणी सुटलं. लगेच तुमचीही मोटर थेट नळाच्या लाइनवर चालू करा. अर्ध्या एचपीची असेल तर एकची घ्या, कारण शेजाऱ्याने एकची घेतली आहे. पाइपात दाब असतो तेव्हा फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळतं. गल्लीभर मोटरी ओढायला लागल्या की दाब उलटा होतो आणि तोच सांधा बाहेरचं आत ओढतो. लाइन गटारीच्या कडेने गेली असेल तर आत काय येतं, ते सांगायची गरज नाही. तशीही ती लाइन चार दिवस रिकामी पडून असते, झिरपायचं ते आधीच झिरपलेलं असतं. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं पाणी पिवळट येतं. ते झाडांना किंवा अंगणात सोडणारे लोक चैनीत वाढलेले असतात. तुम्ही ते हौदात घ्या. वरून बरं पाणी पडलं की मिसळून जातं.

पाणी सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आलेलं असो की पाकणीच्या, ते क्लोरीन घालूनच निघतं. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार तुमच्या नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. तो वास आला की नाक मुरडा, "औषध जास्त टाकलंय की ओ" म्हणून तक्रार करा. वास आला नाही, तर पाणी गोड आहे म्हणून समाधान माना. ग्रामपंचायतीचा कर्मचारी ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या रसायनाचे, चार-पाच थेंब टाकून पाणी पिवळं होतंय का ते बघतो. ती खेड्यातली पद्धत, आपण शहरातले.

टाकीचं झाकण उडालं असेल तर उडू द्या. 43 डिग्रीच्या उन्हात उघड्या टाकीतलं क्लोरीन टिकत नाही, शेवाळ मात्र झकास टिकतं. 1000 लिटरच्या टाकीला साधारण 4 ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते. बादलीभर पाण्यात ती कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ टाकीत ओतून अर्धा तास थांबायचं. पण हा उपाय इतका स्वस्त आहे की त्यावर विश्वास बसणं कठीण. करायचाच असेल तर वर्षभर तोंड उघडं राहिलेल्या पुडीतली पावडर वापरा. त्यातलं क्लोरीन कधीच उडून गेलेलं असतं, मनाला मात्र शांती मिळते.

आता मुख्य दैवत, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. हद्दवाढ भागातल्या बोअरचं पाणी जड, हे साबणाला फेस येईना की कळतंच. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हटलंय, पण त्या नावाने ते कुणी ओळखत नाही. तरीही खात्री करायला दारावर पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला आलेल्या मशीनवाल्याचा पेनाएवढा मीटरच लागतो. तो बुडवून "नऊशे!" म्हणाला की घाबरून जा. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून मीटर त्याला एका ठरावीक आकड्याने गुणतो, एवढाच त्याचा धंदा. पेल्यात चार चमचे साखर विरघळवा, आकडा हलत नाही. चिमूटभर मीठ टाका, शेकड्याने उडी मारतो. कठीणपणा (म्हणजे हाच जडपणा) किती, नायट्रेट किती, जंतू आहेत का, यातलं त्याला काहीच कळत नाही. मानकात टीडीएसची मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000. कठीणपणाची 200, आणि तशीच सवलतीने 600. पण हे मशीनवाल्याला विचारू नका, पाहुण्याला अवघडल्यासारखं होतं.

मग तो खरी जादू काढतो. दोन पेले, एकात तुमचं पाणी, एकात मशीनचं, आणि दोन्हींत सळ्यांच्या जोड्या. बटण दाबलं की मिनिटभरात तुमचं पाणी आधी हिरवट, मग गंजकट तपकिरी, वर घाणेरडा फेस. घरातली बाई "अगं बाई, हे पितो आपण?" म्हणते आणि सौदा तिथेच पटतो. तो रंग लोखंडी सळईचा असतो. क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते, सळई विरघळते आणि गंज तरंगतो. मशीनच्या पाण्यात क्षार फारसे नसल्यामुळे वीज जवळजवळ वाहतच नाही. बटण बंद करून त्याही पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल. पण असला उद्धटपणा करू नये, तो बिचारा उन्हातून आलेला असतो.

ते मशीन, म्हणजे आरओ, बसलं की तीन लिटर पाण्यातलं साधारण एक प्यायला येतं आणि दोन नळीवाटे मोरीत जातं. चार दिवसांआड मिळणाऱ्या पाण्याचा याहून शाही उपयोग नाही. ती नळी बादलीत सोडून त्या पाण्याने फरशी पुसणारे, संडासात टाकणारे कंजूष लोक असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

बाकी घराचं पाणी मात्र जडच राहू द्या. गीझरचा काटा शेवटच्या खुणेवर ठेवा. पाणी 60 अंशांच्या वर गेलं की क्षार भराभर बसतात, कॉइलवर खडूसारखं कवच चढतं, उष्णता बाहेर पडेना की कॉइल आतल्या आत जळते. 50 वर ठेवला तर हे सगळं लांबतं, मग मेकॅनिकने जगायचं कसं? गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची सळई असते, टाकीऐवजी ती स्वतः गंजते. ती संपली की बदलायची असते, हे कुणाला सांगू नका. शॉवरची जाळी बुजली तर लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तासभर भिजवण्यापेक्षा संडासाचं अ‍ॅसिड ओता. पांढरे डाग जातात, त्यांच्याबरोबर नळाची चकाकीही जाते. जवळपास टीसीएल असेल तर मात्र थट्टा पुरे. अ‍ॅसिड आणि टीसीएल एकत्र आले की विषारी वायू निघतो.

तुरीची डाळ शिजेना तर वाण्याला शिव्या घाला. पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं म्हणून दाणा टणक राहतो, पण कॅल्शियमला शिव्या घालून काही मिळत नाही. पाणी उकळलं की बायकार्बोनेटचा कठीणपणा भांड्याच्या तळाशी पांढरा होऊन बसतो, सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो. तुरटी फिरवली तर गढूळपणा बसतो, क्षाराला ती दिसतही नाही. पाइपाला बाहेरून लोहचुंबक बांधला, तर पाइपाला लोहचुंबक बांधलेला असतो.

खरोखर कठीणपणा काढणारा सॉफ्टनर मात्र टाळा. 500 कठीणपणाचं पाणी असेल तर त्यातलं 25 लिटर रेझिन (कॅल्शियम धरून ठेवणारे बारीक मणी) सुमारे अडीच हजार लिटर पाणी मऊ करतं, मग तीन-चार किलो जाड्या मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार होतं. शिवाय बसवल्यावर मीटर लावून बघाल तर टीडीएस तेवढाच! कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, क्षार कमी होत नाहीत. म्हणजे फसवणूकच. साबणाला फेस येतो, डाळ शिजते, गीझर टिकतो, पण आकडा उतरत नाही. परत करा.

सगळ्यात महत्त्वाचं, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना नेऊ नका. रासायनिक तपासणीसाठी लिटरभराची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरायची, जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणायची आणि लगेच पोचवायची, एवढी कटकट. वर त्या कागदावर नायट्रेट लिहिलेलं असतं. त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम, आणि त्याला सवलत नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं घट्ट होतं. मग बोअर आणि संडासाचा शोषखड्डा यांतलं अंतर मोजायची वेळ येते, आणि खड्डा शेजाऱ्याचा निघेल याची काही खात्री नसते. घरात टेप असेल तर आधी तो कुणाला तरी देऊन टाका.