खुलासा : ज्वारीवरील भोरड्यांबाबतचा संदेश चुकीचा आहे

ज्वारीच्या कणसांवर बसलेल्या गुलाबी-काळ्या पक्ष्यांचे छायाचित्र आणि 'परदेशातून आलेली ही नवी कीड आहे, विष लावलेली ज्वारी टाकून तिचा नायनाट करा' असा मजकूर सध्या अनेक गटांत फिरत आहे. त्यातील दावा खरा नाही आणि सल्ला घातक आहे.

छायाचित्रातील पक्षी भोरड्या, म्हणजेच पळसमैना आहेत. डोके, पंख व शेपटी काळी, पाठ व पोट गुलाबी आणि डोक्यावर तुरा, ही त्यांची ओळख; साळुंकीच्या डोळ्याभोवती असते तशी पिवळी कातडी त्यांना नसते. पिल्ले मात्र मळकट तपकिरी, पिवळसर चोचीची असतात, त्यामुळे गफलत होते. मध्य आशियात वीण करून हे थवे दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीपासून आपल्याकडे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा त्यांना नवे म्हणता येत नाही.

दाणा चिकात, म्हणजे कोवळा व दुधाळ, असताना ते मोठे नुकसान करतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हेच थवे नाकतोडे व अळ्याही वेचतात. शिवाय विषारी दाणा होले, चिमण्या, मोर आणि कोंबड्याही खातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत विष घालणेही येते.

दाणा भरण्याच्या काळात सकाळ-संध्याकाळ शेतातल्या उंच माळ्यावरून राखण करावी, पिकावर चमकणारी फीत ताणावी आणि पक्षी सरावू नयेत म्हणून तिची जागा बदलत राहावी. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.